शेऱ्याचा रकाना

तीन महिन्यांतून एकदा
कोअरचं वार्तापत्र येतं घणसोलीच्या पत्त्यावर.
पेन्शनीत निघालो तेव्हापासून पाकिटावर
इंगवल्याचा इंगळे झालोय मी.
दुरुस्तीचा अर्ज केला नाही,
कारण इंगळेचं टपाल बायको फोडत नाही.

वाचतो मात्र महापेच्या गेटवर, रात्रपाळीला.
बॅरिअर आडवा, केटल चालू,
मागे कंपनीचा एसी प्लांट घरघरतोय,
समोर पारसिकच्या अंगावर दिव्यांची एक वाकडी ओळ,
जिला मी अजून मनातल्या मनात
‘सीधे देख’ म्हणतो.

आधी शेवटचं पान. आम्ही सगळे शेवटाकडूनच वाचतो.
रस्सीखेच: ब कंपनी विजयी.
क्रॉस कंट्री: सिग्नलमन लालरिन्झुआला, पहिला.
नाव या खेपेला बरोबर छापलंय,
म्हणजे कारकून बदलला.
सुभेदार कुट्टप्पन यांच्या धाकटीला बारावीत ब्याण्णव टक्के.
परिवार केंद्रात लोणच्यांची स्पर्धा.
लंगरला पिठाची नवी चक्की.
हरवला आहे: एक स्टड बूट, डावा, आठ नंबर.

सात वर्षं तो कारकून मीच होतो.
टाइपरायटरचा ‘श’ अडकायचा,
म्हणून ‘शाबास’ मी हातानं लिहायचो,
निळ्या शाईत.
पोरं त्या निळ्या शब्दासाठी फुफ्फुसं फाटेस्तोवर पळायची.

काय छापायचं नाही, तेही मलाच ठाऊक असायचं.
त्या हिवाळ्यात व्हॉलीबॉलच्या फायनलला
आम्ही पाच जण उतरलो.
सहावा सोरेन, आमचा सेटर,
मंगळवारी तारेचं भेंडोळं खांद्यावर टाकून
तुटलेली लाइन जोडायला वर गेला होता,
आणि वरचा बर्फ खाली आला होता.
साहेब म्हणाले, फक्त स्कोअर टाक.
टाकला. पंधरा-नऊ, पंधरा-अकरा. हरलो.
खाली मेसच्या पंख्यांची बातमी.
मध्ये दोन ओळींची जागा उरत होती.
ती मी तशीच ठेवली,
रेघसुद्धा न मारता.
बोर्डासमोर त्या दिवशी गर्दी होती.
कुणी काही विचारलं नाही.
ती जागा मात्र सगळ्यांनी वाचली.

इथे पहाटे तीनला
ट्रक यायचे थांबले की
घरत, उघडेबाई आणि कॅन्टीनची पोरं
पार्किंगमध्ये दोरी बांधतात,
एक टोक कॅमेऱ्याच्या खांबाला,
दुसरं पाण्याच्या टँकरला.
उघडेबाईंची सर्व्हिस अशी, की
चेंडू ट्रान्सफॉर्मरच्या जाळीवरून काढावा लागतो.
मी खेळत नाही. गुडघा.
मी पॉइंट मोजतो.

गेल्या आठवड्यात, कसं ते कळलं नाही,
नाव, गाडी नंबर, आत, बाहेर,
या सगळ्याच्या पुढे
शेऱ्याच्या रिकाम्या रकान्यात हात चालला:
गेट विरुद्ध कॅन्टीन, पंधरा-तेरा.
उघडे, शाबास.
घरतला मुलगा, ऐरोलीत, पावणेतीन किलो, दोघं सुखरूप.
सापडली: एक छत्री, काळी, मूठ तुटकी.

सकाळी अ‍ॅडमिनचा सोनटक्के सही करायला आला.
पान उलटलं,
उलटलेलं परत फिरवलं.
काका, हे काय?
म्हटलं, बातम्या.
त्यानं उभ्या उभ्या सगळं वाचलं,
बोटानं ओळ धरून, शाळेतल्यासारखं.
बाहेर कंपनीच्या बसनं दोनदा हॉर्न दिला.
छत्री माझीच आहे, म्हणाला.
सही केली. पेन खिशाला लावता लावता थांबला.
आणि ही मधली जागा कोरी का ठेवलीत?

मी केटलचं बटण दाबलं.
म्हटलं, बसा. चहा होतोय.